दगडासोबत आलेले तपकिरी जीव आणि पांढरा ॲनिमोन : ओळख व निगा याविषयी मार्गदर्शन हवे

पूर्णाकाठ · 9 मार्च

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. गेल्या पोळ्यापासून माझ्याकडे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत क्लाउनफिशची एक जोडी, चार गोगलगायी आणि सुमारे 20 किलो दगड आहेत. मागच्या आठवड्यात मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, मागवला. तो दुधासारखा पांढरा असून त्याच्या शुंडकांची (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांची) टोके जांभळी आहेत. गावातील माणसे 'समुद्रातले कमळ' पाहायला येतात, आणि खरे सांगायचे तर मलाही तो रंग पाहूनच मोह झाला.

आता माझ्या शंका. विक्रेत्याने चिठ्ठीवर 'सेबी' असे लिहिले आहे, फोनवर मात्र तो 'मॅग्निफिका' म्हणाला. मग हा नेमका कोणता? दुसरे असे की, सोबत घेतलेल्या दगडावर बोटाच्या पेराएवढे, तपकिरी आणि अर्धपारदर्शक असे सात-आठ जीव दिसू लागले आहेत. हात जवळ नेताच ते क्षणात दगडात ओढले जातात. ही मोठ्या ॲनिमोनची पिल्ले आहेत काय? माझ्या मुलीने त्यांना नावेही ठेवली आहेत, तेव्हा उत्तर जरा जपून द्यावे.

तिसरी शंका विचारताना संकोच वाटतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि विहिरीचे पाणी मुळातच खारे आहे. ते पाणी वापरले, तर विकतचे मीठ कमी लागेल काय?

बाभूळबन · 9 मार्च

गुरुजी, मी अकोटच्या बाजूचा; नऊ वर्षांपासून हा नाद आहे. आधी त्या लहान जीवांविषयी लिहितो, कारण घाई तिथे आहे. ती पिल्ले नव्हेत. तुमच्या वर्णनावरून तो एप्टेशिया दिसतो. त्याचे शुंडके टोकाकडे निमुळते होत जातात, लांब आणि आखूड शुंडके एकत्र असतात, देठ काचेसारखा पारदर्शक असतो आणि चाहूल लागताच तो कपारीत शिरतो. हाही ॲनिमोनच आहे, परंतु टाकीत तो गाजरगवतासारखा पसरतो आणि शेजारच्या प्रत्येक जीवाला दंश करतो. त्याच्या तळव्याचा कपचा मागे राहिला, तरी त्यातून नवा जीव तयार होतो. म्हणून कृपा करून त्याला ब्लेडने खरवडू नका, चिमट्याने ओढू नका. जर शुंडकांची टोके फुगीर आणि उंची आखूड असेल, तर तो मजानो नावाचा दुसरा उपद्रवी प्रकार. त्याच्याबाबतही हेच पथ्य पाळा.

मोठ्या ॲनिमोनविषयी माझे ठाम मत असे की, रंग पाहून ओळख करूच नये. रंग प्रकाशाने बदलतो, आजाराने बदलतो आणि काही विक्रेते तर पिवळा किंवा गुलाबी रंग चक्क चढवतात. ओळखायचे ते देठ, तळवा आणि बसण्याची जागा यांवरून. रात्री बॅटरी घेऊन खाली वाकून पाहा आणि पुढील गोष्टी कळवा : तळवा वाळूत रुतलेला आहे की दगडाच्या कपारीत? देठ गुळगुळीत आहे की त्याच्यावर चामखिळीसारखे उंचवटे आहेत? शुंडकांची टोके अणकुचीदार आहेत, बोटासारखी बोथट आहेत की टोकाजवळ बुडबुडा आल्यासारखी फुगलेली आहेत?

मॅग्निफिका असेल, तर तो वाळूत बसणार नाही. तो उंच दगडावर उघड्यावर बसतो, त्याची टोके बोथट असतात आणि देठ एकाच ठळक रंगाचा असतो. बबल टिप असेल, तर देठ गुळगुळीत आणि तळवा कपारीत खोल असेल. त्याचे बुडबुडे कधी असतात, कधी महिनोन्‌महिने नाहीसे होतात, त्यामुळे बुडबुडा नाही म्हणून बबल टिप नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. लाँग टेंटॅकलचा देठ खालच्या बाजूला लालसर किंवा नारिंगी असतो, त्यावर पांढरट उंचवट्यांच्या रांगा असतात आणि शुंडके लांब पण विरळ असतात. कार्पेट प्रकारात तर शुंडके गालिच्याच्या लवेएवढेच असतात. त्यातला हॅडोनी वाळूत बसतो, बोटाला घट्ट चिकटतो आणि झोपेत जवळ आलेला मासा गिळून टाकतो. क्लाउनफिश निसर्गात ज्यांच्यात राहतात, असे ॲनिमोन पूर्वापार दहाच मानले जातात, त्यामुळे ही यादी पाठ करणे अवघड नाही.

संत्राबाग · 10 मार्च

ओळखीबाबत बाभूळबन भाऊंनी लिहिलेच आहे, म्हणून मी फक्त माझी चूक सांगतो. आम्ही वरुडकडचे संत्रेवाले. दोन वर्षांपूर्वी मी ज्या प्लास्टिकच्या बादलीत बोर्डो मिश्रण (फवारणीचे बुरशीनाशक) कालवत असे, तीच बादली तीन वेळा घासून मीठ कालवण्यास वापरली. दुसऱ्या दिवशी ॲनिमोन आक्रसला, तिसऱ्या दिवशी त्याचे तोंड उघडे पडले आणि चौथ्या दिवशी टाकीभर दुर्गंधी सुटली. एक टक्का बोर्डोमध्ये 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद असतो, म्हणजे ते तांबेच. माशांना तांब्याची थोडी मात्रा सोसते आणि माशांच्या काही औषधांतही तांबे असते, पण ॲनिमोन, कोळंबी आणि गोगलगायी यांना तेच तांबे विष ठरते. तेव्हापासून टाकीच्या बादल्या, मग आणि नळ्या यांवर मी लाल रंगाची खूण केली असून घरातील कोणालाही त्यांना हात लावण्याची परवानगी नाही.

जाता जाता, कपाशीवर फवारणी करून आलेले हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. हवेचा पंप जिथून हवा ओढतो, तिथे डासांची कॉइलही लावू नये.

वाळा · 10 मार्च

गुरुजी, मी वणीजवळच्या गावातून लिहिते. पांढरा रंग पाहून मला शंका आली. निरोगी सेबी हा बहुधा तपकिरी, फिकट बदामी किंवा हिरवट असतो, कारण त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचा रंग मुख्यतः त्या शैवालाचा असतो. हेच शैवाल प्रकाशावर अन्न तयार करून ॲनिमोनला बहुतांश पोसते. उष्णता, काळोख किंवा प्रवासातील ताण यांमुळे ॲनिमोन ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणजे आपण ज्याला कमळ म्हणतो आहोत, तो उपाशी जीव आहे. तो आजच मरेल असे नाही, परंतु त्याच्याजवळ शिल्लक फार नाही.

खरेदीच्या वेळी मी तीन गोष्टी पाहते. तोंड घट्ट मिटलेले असावे. तळव्याला चीर किंवा जखम नसावी, कारण काचेवरून ओरबाडून काढलेला ॲनिमोन क्वचितच वाचतो. आणि शुंडकांना स्पर्श केल्यास ते चिकटावेत. मात्र तोच हात डोळ्याला लावू नये, आणि कार्पेट प्रकार असेल तर हातमोजे घालावेत. माझ्या मनगटावर आठवडाभर चट्टे होते.

पूर्णाकाठ · 14 मार्च

सर्वांचे आभार. बॅटरीने पाहिले. तळवा वाळूत असून वाळूखालच्या चपट्या दगडाला चिकटलेला आहे. देठ राखाडी, चामड्यासारखा आहे आणि त्याच्या वरच्या भागावर उंचवटे आहेत, ज्यांना वाळूचे कण चिकटलेले दिसतात. शुंडके पुष्कळ आणि दाट असून टोके अणकुचीदार आहेत. तोंड मिटलेले आहे.

एक कबुलीही द्यायची आहे. बाभूळबन भाऊंचा प्रतिसाद वाचण्यापूर्वीच मी त्या तपकिरी जीवांपैकी तीन जीव ब्लेडने खरवडून काढले होते. आज मोजले, तर चौदा आहेत. मुलीजवळची नावे संपली.

बाभूळबन · 14 मार्च

मग शंका उरली नाही : तो क्रिस्पा, म्हणजेच बाजारातला सेबी. शास्त्रीय नावात तो आतापर्यंत हेटरॅक्टिस होता, नव्या वर्गीकरणात त्याला रॅडिअँथस म्हणतात. दोन्ही नावे एकाच जीवाची आहेत. त्याला जागेवरून हलवू नका. त्याने स्वतः जागा निवडली आहे, आणि ॲनिमोनने निवडलेली जागा आपल्याला गैरसोयीची वाटली, तरी वाद आपण हरलेलाच बरा. तो फिरू लागला, तर समजावे की प्रकाश, प्रवाह किंवा पाणी यांपैकी काहीतरी त्याला मानवत नाही. वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) तोंडाला मात्र आजच स्पंज किंवा जाळी बसवा, कारण फिरणारा ॲनिमोन पंख्यात सापडला, तर त्याचे तुकडे टाकीभर होतात आणि सोबत मासेही जातात.

एप्टेशियासाठी पंप बंद करून इन्सुलिनच्या सिरिंजने कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट त्याच्या तोंडावर सोडतात. तो ती गिळतो आणि विरघळतो. अर्ध्या तासाने पंप सुरू करावा. एका दिवशी चार-पाचच जीव घ्यावेत, कारण चुन्याने पाण्याचा सामू चढतो.

रिकामी घागर · 15 मार्च

कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला पानाचा चुनाच ना? मग पानठेल्यावरची डबी चालेल काय?

बाभूळबन · 15 मार्च

रसायन तेच, पण डबीतल्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे, हे डबी सांगत नाही. शुद्ध पावडर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते. लिंबाचा रस सिरिंजने थेट आत टोचूनही काम होते, फक्त हात स्थिर हवा. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, पण तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी विकली जाते आणि ती उलट तुमच्या मोठ्या ॲनिमोनलाच कुरतडू शकते. पाठीवर कुबड आणि लाल अंगावर पांढऱ्या रेषा व ठिपके असतील, तर ती कॅमल, घेऊ नका.

आता गुरुजींच्या विहिरीविषयी. ही शंका आमच्या पट्ट्यातला प्रत्येक माणूस विचारतो, मीही विचारली होती, म्हणून संकोच नको. माझ्या विहिरीचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 2,100 आहे आणि ते पाणी पिववत नाही. समुद्राचा आकडा मात्र सुमारे 35,000 आहे. म्हणजे आपले खारपाणी समुद्राच्या सोळाव्या हिश्शाएवढेही खारे नाही, आणि तो खारेपणाही वेगळ्या जातीचा आहे. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड, 11 ग्रॅमच्या आसपास सोडियम, 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि 0.4 ग्रॅम कॅल्शियम असते; हे प्रमाण सर्व महासागरांत जवळजवळ सारखे राहते आणि ॲनिमोन त्याच प्रमाणाला सरावलेला आहे. आपल्या विहिरीत सोडियमसोबत बायकार्बोनेट येते, खतांचे नायट्रेट येते, आणि पाइपातून काय येते ते वेगळेच. त्यात समुद्री मीठ घातले, तर क्षारता मापाबाहेर जाते. म्हणून आर.ओ.चेच पाणी घ्यायचे, तेही मीटर लावून. खारपाणपट्ट्यात आर.ओ.चा पडदा लवकर थकतो. माझ्याकडे 2,100 चे 110 वर येते, मग पुढे उरलेले क्षार शोषणारी रेझिनची नळी लावून ते शून्याजवळ आणतो. त्या पाण्यात लिटरला 35 ते 38 ग्रॅम समुद्री मीठ घालून, रात्रभर फिरवून, रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 आले की ते टाकीत जाते.

स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण माझ्या मेहुण्याने तो प्रयोग केला आहे.

पूर्णाकाठ · 16 मार्च

खायला काय द्यावे? आमच्या आठवडी बाजारात सुकट आणि धरणातले झिंगे मिळतात.

वाळा · 16 मार्च

सुकट नको, ती खारवलेली आणि टणक असते. साधी, मीठ न लावलेली कोळंबी सोलून वाटाण्याहून लहान तुकडे करून गोठवून ठेवा. एरवी आठवड्यातून एकदा दिले तरी पुरते, पण पांढरा पडलेला असताना आठवड्यातून दोन ते तीन वेळा, अगदी लहान तुकडा द्यावा. मोठा तुकडा दिल्यास तो दोन दिवसांनी तसाच बाहेर टाकतो आणि त्यात त्याची शक्ती जाते. तुकडा शुंडकांवर अलगद ठेवायचा. तोंडात कोंबायचा नाही. त्याच्याकडून एखादे वेळी तपकिरी दोरा बाहेर पडतो आणि तो तास-दोन तास पिशवीसारखा लोळागोळा होतो, तेव्हा घाबरू नये. ते मलविसर्जन असते. मेलेल्या ॲनिमोनची खूण वेगळी : तोंड उलटून बाहेर येते, अंग बोटाला तुटते आणि वास येतो. तसे दिसले की क्षणाचाही विलंब न करता बाहेर काढावा, नाहीतर अमोनिया चढून मासेही जातात.

दिवेही एकदम पूर्ण ताकदीने लावू नका. शैवाल नसलेल्या ऊतींना प्रखर प्रकाश सोसत नाही. निम्म्या ताकदीने सुरू करून महिना-दीड महिन्यात वाढवत न्यावे.

संत्राबाग · 17 मार्च

थोडे विषयांतर वाटेल, पण ॲनिमोन दोन महिन्यांचाच पाहुणा असतो, असे विक्रेते सांगतात, म्हणून लिहितो. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलयेल यांनी 1828 साली समुद्रकिनाऱ्यावरून उचललेला एक साधा लाल ॲनिमोन काचेच्या बरणीत पाळला होता. डॅलयेल वारले, तो पुढच्या माणसांकडे गेला आणि 1887 साली मेला. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत. त्या काळी ना पंप होता ना दिवा. समुद्राचे पाणी नियमाने बदलत असत, एवढेच. अर्थात तो थंड समुद्रातला, शैवालावर न जगणारा प्रकार होता, त्यामुळे आपल्या सेबीची बरोबरी त्याच्याशी होत नाही.

पूर्णाकाठ · 2 मे

दीड महिन्याने लिहितो आहे. एप्टेशिया दोनच उरले. ॲनिमोनच्या मध्यभागी फिकट बदामी झाक आली आहे. मात्र काल आमच्याकडे पारा 44 वर गेला, खोलीत 37 होते आणि टाकी 31 वर पोहोचली. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, माझ्या पगाराबाहेरचा आहे. त्यात दुपारी दोन-दोन तास वीज नसते. काय करावे?

वाळा · 2 मे

गुरुजी, या प्रश्नात आपला उन्हाळा शत्रूही आहे आणि मित्रही. ॲनिमोनला 25 ते 27 अंश हवे; 30 च्या वर तो पुन्हा शैवाल टाकू लागेल. पण आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की, टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला, तर पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. हिशेब सोपा आहे : 200 लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले, तर जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात टाकी सुमारे 3 अंशांनी थंड होऊ शकते. खोलीतून उष्णता सतत परत येत असते म्हणून प्रत्यक्षात उतार एवढा मिळत नाही, आणि दिवसाला पाच-सहा लिटर उडवावे लागतात. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा एवढा उपयोग होत नाही, म्हणून तिथले लोक आपल्याला आधी चिलरच सांगतात.

दोन गोष्टी सांभाळा. पाणी उडते, मीठ उडत नाही. सहा लिटर उडाले की लिटरमागे 35 ग्रॅम मिठाचे 36 होते, आणि तीन दिवस भर घातली नाही तर 38 च्या पुढे जाते. ही भर आर.ओ.च्या गोड्या पाण्याने, सकाळ-संध्याकाळ थोडी-थोडी घालावी. खारे पाणी कधीही भरीला घालू नये. दुसरे म्हणजे वाळ्याचा कूलर त्याच बंद खोलीत लावलात, तर खोली थंड होते खरी, पण हवा ओली होऊन टाकीवरचा पंखा निकामी होतो. मी कूलर लावते, पण समोरची खिडकी उघडी ठेवते. माझ्याकडे तीन अंशांचा फरक त्या खिडकीनेच पडला.

विजेसाठी 12 व्होल्टचा संगणकाचा पंखा आणि एक लहान वेव्हमेकर बॅटरीवर ठेवा. दिवे गेले तरी चालतात, प्रवाह थांबता कामा नये, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी पाच ते रात्री एक असे लावा; ॲनिमोनला घड्याळ कळत नाही आणि दिव्याची उष्णता दुपारच्या उन्हात मिसळत नाही.

रिकामी घागर · 3 मे

बर्फाची बाटली सोडली तर?

बाभूळबन · 3 मे

आणीबाणीत बंद बाटली तरंगत ठेवावी, पण तासात तीन-चार अंश उतरवून पुन्हा चढू देण्यापेक्षा संथ 29 बरे. चढउतारानेच तो अधिक खचतो.

पूर्णाकाठ · 21 जुलै

पाऊस लागला, टाकी 27 वर स्थिर आहे. ॲनिमोन आता पूर्ण तपकिरी झाला असून फक्त टोके जांभळी आहेत. व्यास एक वीत होता, तो सव्वा वीत झाला. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, तुमचं कमळ तर पार काळवंडलं." त्यांना समजावताना माझा अर्धा तास गेला. पाहायला येणारे कमी झाले, ते एका परीने बरेच झाले.

क्लाउनफिश मात्र अजूनही वेव्हमेकरच्या मागे झोपतात. ते ॲनिमोनकडे ढुंकूनही पाहत नाहीत. काही चुकते आहे काय?

बाभूळबन · 22 जुलै

काही चुकलेले नाही. तुमचे मासे ऑसेलॅरिस असतील, तर त्यांचे निसर्गातील यजमान मॅग्निफिका, जायगँशिया आणि मर्टेन्सी हे तीनच आहेत. क्रिस्पा त्यांच्या यादीत नाही. टाकीत ते कधी कधी त्यालाही स्वीकारतात, कधी वर्षभर पाहतही नाहीत. शिवाय पैदास केंद्रात वाढलेल्या माशाने ॲनिमोन जन्मात पाहिलेला नसतो. क्लार्की जातीचा मासा मात्र दहाही प्रकारांत राहतो. क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोनची गरज नसते आणि ॲनिमोनलाही त्यांची नसते, म्हणून केवळ जोडी जमावी यासाठी दुसरा ॲनिमोन आणू नका. दोन वेगळ्या जातींचे ॲनिमोन एका टाकीत परस्परांना दंश करतात.

संत्राबाग · 22 जुलै

माझ्याकडच्या बबल टिपने मे महिन्यात दोनदा विभागणी केली. आता तीन आहेत. गुरुजींकडे एकच टाकी आहे म्हणून त्यांना देता येत नाही, पण आणखी कोणाला हवा असल्यास सांगावे. पैसे नकोत.

रिकामी घागर · 22 जुलै

मला हवा आहे. माझी टाकी एप्रिलमध्ये सुरू झाली. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहे, नायट्रेट 10 च्या आत आहे.

संत्राबाग · 23 जुलै

आकडे चांगले आहेत, पण टाकी अजून कच्ची आहे. सहा महिने तरी होऊ द्या, दिवाळीनंतर देतो. तोपर्यंत ऊनही उतरेल. मी चार दिवस आधी त्याचे खाणे बंद करीन, म्हणजे वाटेत तो पाणी घाण करणार नाही. दुहेरी पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा भरून, थर्माकोलच्या डब्यात ठेवून सकाळच्या एस.टी.ने स्वतः अमरावतीपर्यंत आणीन. तुम्ही स्थानकावर रिकाम्या हाताने येऊ नका. बारीक नळी आणि गाठ मारायला दोरा आणा, कारण घरी पोहोचल्यावर टाकीचे पाणी थेंबाथेंबाने तासभर पिशवीत सोडायचे आहे, आणि ती गाठ कशी मारायची ते मी तिथेच दाखवीन. आणि बादली नवी घ्या.